कामगाराची हिरडी आणि पोटावरचा मेद



कोणाचा दात हलू लागला की आपल्याकडे खापर फोडायला दोन जागा ठरलेल्या आहेत : एक म्हातारपण आणि दुसरी खर्रा. हलणारा दात कामगाराचा असला तर तिसरीही सापडते; हा आळशी, तोंड धूत नाही. या तिन्ही गोष्टींत तथ्य आहे, पण त्या पुऱ्या पडत नाहीत. शास्त्राला हे कसे उमगत गेले त्याचा इतिहास मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. मी वैद्य नव्हे, कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. जे सांगतो ते वाचून आणि जाणत्यांना विचारून जमवलेले आहे.

हिरडीचे दुखणे जुनेच. सुश्रुताने दातांच्या मुळाशी होणारे १५ रोग गणले. हिरडीतून रक्त येणारा ‘शीताद’ त्यांत आहे आणि पू वाहून दात हलविणारा ‘दंतवेष्टक’ही आहे. अलीकडच्या काळात विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टराने १९१० साली प्रतिपादन केले की, तोंडातील घाण साऱ्या शरीराला आजारी पाडते. त्यानंतर वाटेल त्या रोगावर उपाय म्हणून दात उपटण्याची लाटच आली. पुढे तो अतिरेक ठरला आणि लोक दुसऱ्या टोकाला गेले : तोंड निराळे, शरीर निराळे.

१९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणे बंद ठेवायला सांगितले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. दातावर साचणारा जंतूंचा थर सूज आणतो, हे सिद्ध झाले. कामगाराच्या आळसाकडे बोट दाखविणाऱ्यांना हा भक्कम आधार मिळाला.

पण याच लो यांनी पुढे श्रीलंकेतील चहामळ्यांच्या ४८० मजुरांची १९७० पासून १५ वर्षे तपासणी केली. या मजुरांना ना ब्रश ठाऊक, ना दंतवैद्य. सूज जवळजवळ सर्वांनाच होती. तरी १९८६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो विचारात पाडणारा होता. शंभरातील ८ जणांच्या दातांचा आधार झपाट्याने खचला, ८१ जणांचा बेताने, आणि ११ जणांचा आजार सुजेपलीकडे गेलाच नाही. वस्ती एक, मजुरी एक, तोंडाची अवस्था एक. मग भोग निराळे का? जंतू सूज पेटवतात, पण ती किती भडकावी हे शरीर ठरवते, असाच याचा अर्थ होतो.

शरीरात हे कोण ठरवते? उत्तरे अनेक आहेत. अनुवंश, तंबाखू, मधुमेह. त्यांत एक उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडले. मेद म्हणजे ऊर्जेची कणगी, एवढीच पूर्वीची समजूत होती. १९९३ साली अमेरिकेत होतामिस्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लठ्ठ उंदरांचा मेद ‘टीएनएफ-अल्फा’ नावाचे दाह वाढविणारे द्रव्य तयार करतो. १९९४ साली फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला मेदातून रक्तात जाणारे ‘लेप्टिन’ हे संप्रेरक सापडले. पाठोपाठ ‘ॲडिपोनेक्टिन’ आले. ते दाहाला आवर घालते, आणि लठ्ठपणात नेमके तेच घटते. फुगलेल्या मेदात रक्तातील भक्षक पेशी दाटी करतात, हे २००३ साली दिसले. कणगी समजत होतो, तो तीन पाळ्यांत चालणारा कारखाना निघाला!

या कारखान्याचा माल रक्तावाटे हिरडीत पोचतो. तिथे जंतूंशी झटापट चालूच असते. तिला जोर चढतो, आणि दाताभोवतीचे हाड झिजविणाऱ्या पेशींना चेव येतो. १९९८ साली जपानमधील सायतो आणि सहकाऱ्यांनी २४१ निरोगी माणसे तपासली. अंगात चरबी जास्त तिथे हिरडीचा रोगही अधिक आढळला. अर्थात सारा हिशेब सरळ नाही. बंगळूरच्या शासकीय दंतमहाविद्यालयातून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोग वाढला तसे रक्तातले लेप्टिन वाढले, पण हिरडीच्या फटीतले घटले.

आपण म्हणाल, हे शेठजींचे दुखणे. हडकुळ्या मजुराचा त्याच्याशी काय संबंध? याचे उत्तर पुण्याने दिले. तेथील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातील साउदम्प्टनची ३.५ किलोंची. पण पुण्याच्या बाळांत मांस कमी होते, चरबी मात्र फारशी घटलेली नव्हती. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१.२ आणि युडकिन यांच्या अंगात ९.१. तराजू आपल्याला फसवतो तो असा. हे संशोधन हिरडीवरचे नव्हते. परंतु काटा पाहून ‘हा बारीक आहे’ म्हणत मजुराला तपासणीतून वगळणे चुकीचे, एवढे त्यावरून निश्चित होते.

हिंगणघाटच्या जिनिंगमधला हमाल असो की रात्रपाळीचा पहारेकरी, वडापाव आणि चहावर पाळी काढणाऱ्याचे हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले आपण रोज पाहतो. हिरडीतून रक्त येते तेव्हा तो खर्ऱ्याला दोष देतो आणि गप्प बसतो. खर्रा सुटलाच पाहिजे, दातही घासलेच पाहिजेत. पण त्याची कंबर टेपने मोजा, रक्तातली साखर पाहा, मग बोला. मधुमेही माणसाच्या हिरडीवर नीट उपचार केले तर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा ०.४ च्या आसपास खाली येतो, असे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसले आहे. म्हणजे ही वाट दोन्हीकडून चालते.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दंतमहाविद्यालय आहे. साधने हाताशी आहेत. कारखान्यातल्या आरोग्य-तपासणीच्या कागदावर वजनाचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी कंबर आणि हिरडी असे आणखी दोन रकाने असावेत. ही मागणी मी मालकांपुढे आणि सरकारपुढे मांडतोच आहे. आज ती आपल्यापुढेही मांडतो, कारण नागरिकांच्या पाठिंब्यावाचून कामगाराची कोणतीही मागणी फार दूर गेलेली नाही.