स्मूदी
स्मूदी : पिकलेल्या फळांचा गर दही, दूध किंवा पाणी घालून मिक्सरमध्ये एकजीव केलेले दाट पेय. रस गाळला की चोथा बाजूला पडतो. स्मूदीत तो पेयातच राहतो. मिल्कशेकमध्ये दूध, साखर आणि पुष्कळदा आइसक्रीम प्रमुख असते. स्मूदीचा दाटपणा मुख्यतः फळांच्या गरातून येतो.

हे पेय विजेच्या मिक्सरमुळे घरोघर पोचले. अमेरिकेत 1930 च्या दशकात फ्रेड वेअरिंग यांच्या नावाचा ब्लेंडर बाजारात आला. स्टीव्ह कुनाऊ यांनी 1973 मध्ये लुइझियाना राज्यात ‘स्मूदी किंग’ हे दुकान काढले आणि पुढे त्याच्या शाखांतून स्मूदीचा प्रसार झाला.

घटक : केळे, आंबा आणि चिकू यांनी दाटपणा व गोडी येते, स्ट्रॉबेरी, संत्रे आणि पेरू यांतून क जीवनसत्त्व मिळते. दह्यातून प्रथिने व कॅल्शियम मिळतात. जवसाच्या पुडीत ओमेगा-3 प्रकारचे स्निग्ध आम्ल आणि भरपूर तंतू असतात. अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडते, म्हणून पूडच वापरावी. पपई व अननस यांतील विकरे दुधातील प्रथिने तोडतात. त्यामुळे पेय थोड्याच वेळात कडवट होते. या फळांसाठी पाणी किंवा नारळपाणी बरे.

कृती : एका मोठ्या पेल्यासाठी एक मध्यम केळे, सहा-सात स्ट्रॉबेरी, अर्धी वाटी गोडसर दही, पाव वाटी पाणी आणि एक चहाचा चमचा जवसाची पूड घ्यावी. केळ्याच्या चकत्या आधी फ्रीझरमध्ये गोठवल्या तर बर्फ लागत नाही आणि पेय पातळ होत नाही. दही व पाणी भांड्यात प्रथम घालावे, म्हणजे पात्यांना फिरायला जागा मिळते. वर फळे घालून मिश्रण गुळगुळीत होईपर्यंत फिरवावे. हवेमुळे रंग काळवंडतो व क जीवनसत्त्व घटते, म्हणून स्मूदी लगेच प्यावी.

पोषण व पथ्य : केळ्याच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 12 ग्रॅम शर्करा, अडीच ग्रॅम तंतू आणि 350 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. पिकलेल्या फळांची गोडी पुरेशी असल्याने वरून साखर किंवा मध घालण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार अशी वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी. मध आणि फळांचे रस यांतील शर्कराही तीत मोजली जाते. फळे चावून खाण्यापेक्षा पिणे सोपे असल्याने प्रमाण नकळत वाढते. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा रस व स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलिलिटरची मर्यादा सांगते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास फळे व त्यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.