शिकारी मुलखातील मृगांचे आयुर्मान : ठाणे-कल्याण प्रांतासंबंधी विचार

उत्तर कोकणातील जुन्या वाड्यांतून व बंगल्यांतून सांबर-चितळांची शिंगे भिंतीवर लावलेली आढळतात. ती दाखवून ‘पूर्वी ह्या रानात असे थोराड मृग शेकड्यांनी होते’ असे सांगण्याचा प्रघात आहे. ह्या विधानास शिंगांचा आधार कितपत मिळतो, आणि ज्या मुलखात नित्य शिकार होते तेथे जन्मलेल्या पाडसांपैकी किती पूर्ण वयात येतात, ह्या दोन प्रश्नांचा येथे एकत्र विचार करावयाचा आहे. कारण पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे.

प्रथम शब्दांचा निर्णय केला पाहिजे. अमरकोशाच्या सिंहादिवर्गात कृष्णसार, रुरु, न्यंकु, शंबर, पृषत, एण इत्यादी नावे मृगांचे भेद म्हणून एकत्र दिली आहेत. त्यांपैकी शंबर म्हणजे आपले सांबर व पृषत म्हणजे चितळ हे सामान्यतः मान्य आहे. परंतु सांबर, चितळ व भेकर ह्यांची शिंगे भरीव हाडाची असून ठराविक काळाने गळतात व पुन्हा उगवतात. कृष्णसार व चौशिंगा ह्यांची शिंगे आतील हाडावर चढलेल्या पोकळ आवरणाची असून ती जन्मभर टिकतात. कोशकाराने हा भेद केलेला नाही. संग्राहकाने मात्र तो केलाच पाहिजे, कारण गळणारे शिंग मृगाच्या मरणाचा पुरावा होऊ शकत नाही. शिंगाच्या बुडाशी कवटीचे हाड चिकटलेले असेल तर तो मृग मेला, हे निश्चित. हाड नसून बूड खरबरीत व किंचित फुगीर असेल तर ते रानात गळून पडलेले शिंग होय. पुष्कळ संग्रहांत ही दोन्ही सरमिसळ असतात.

दुसरी गोष्ट अशी की, ह्या पुराव्यात कळपाचा मोठा भाग मुळीच उमटत नाही. सांबर, चितळ व भेकर ह्यांच्या माद्यांस शिंगे नसतात. पिसोरीस तर नरालाही नसतात. पाडसांचे काहीच मागे उरत नाही. दप्तराचीही तीच गत. इंग्रजी अमदानीत वाघ-बिबटे मारणारास सरकारी बक्षीस मिळे, म्हणून त्यांचे आकडे कागदावर आले. मृगांबद्दल बक्षीस नव्हते, म्हणून आकडेही नाहीत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वन्य प्राण्यांची नावे आहेत, परंतु केवळ नावांवरून संख्या निघत नाही. शिकारीवरील संस्कृत ग्रंथ पाहावेत तर ते मृग कसा मारावा हे सांगतात, किती राखावेत हे सांगत नाहीत. मानसोल्लासातील मृगयेचे प्रकरण ह्याच प्रकारचे आहे. शिवाय तो ग्रंथ रचणाऱ्या चालुक्य सोमेश्वराचे कल्याण हे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. आमच्या खाडीकाठच्या कल्याणाशी त्याचा संबंध जोडू नये.

आता वयाचा प्रश्न. चितळ व सांबर ह्यांची मादी सुमारे आठ महिने गर्भ धारण करते व बहुधा एकच पाडस देते. नरास प्रथम साधे, बिनफांटी शिंग येते. भरदार, त्रिशाख शिंगे येण्यास पुढे कित्येक वर्षे लागतात. फाट्यांच्या संख्येवरून वय सांगण्याची लोकरीत निराधार आहे. वयाचा अधिक विश्वसनीय साक्षी म्हणजे खालच्या जबड्यातील दात, त्यांचे उगवणे व झिजणे. परंतु शिकाऱ्याने शिंगे भिंतीवर लावली व जबडा टाकून दिला.

केवळ समजुतीसाठी एक हिशेब करू. शंभर नर पाडसे जन्मली व पहिल्याच वर्षी रोगाने, उपासमारीने किंवा श्वापदांमुळे चाळीस गेली असे धरू. उरलेल्या साठांपैकी दरसाल दहांत एक मेला, तर चवथ्या वर्षाअखेर सुमारे चव्वेचाळीस राहतात. दरसाल निम्मे मारले गेले, तर सात-आठच राहतात. म्हणजे शिकारी मुलखात पाडसे जन्मत राहतात, कळप दिसत राहतो, पण थोराड नर दिसेनासा होतो. हे केवळ गणित नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानात मारल्या जाणाऱ्या शिंगवाल्या हरणांत बहुसंख्य जेमतेम दीड वर्षाची असत, म्हणून २००२ साली तेथे ठराविक फाटे नसलेला नर मारण्यास बंदी घालावी लागली. ह्यावरून आमच्या भिंतींवरील थोराड शिंगांचा अर्थ निराळा लागतो. तो मृग मरण्यापूर्वी कित्येक वर्षे शिकाऱ्यांच्या हातून सुटला होता, एवढेच ते शिंग सांगते. अशी शिंगे एखाद्या रानातून आरंभी बरीच व नंतर थोडी आली असतील, तर त्यांवरून रानाच्या समृद्धीपेक्षा शिकारीचा वाढता जोरच अधिक सिद्ध होतो. १८५३ साली ठाण्यापर्यंत व १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली. तिच्या आधीची व नंतरची शिंगे वेगळी करता आली, तर ह्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडेल.

प्राचीन शास्त्यांस हे मर्म ठाऊक होते असे दिसते. अर्थशास्त्राच्या सूनाध्यक्षप्रकरणात अभयवनातील मृग मारणारास दंड सांगितला आहे, आणि जिवंत पकडलेल्या पशुपक्ष्यांचा सहावा हिस्सा अभयवनात सोडावा असेही म्हटले आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील पिले अवध्य ठरविली आहेत. तो नियम पाळीव जनावरांस धरून असला तरी त्यातील तत्त्व हेच की, वंश टिकावयाचा तर माता व पिलू ह्यांस जपावे. स्तंभलेख कोकणात नाहीत. परंतु त्याच राजाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ सालीच पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपारे येथे मिळाला. तुकडा त्रुटित आहे. तथापि गिरनार वगैरे ठिकाणच्या पाठांवरून त्याचा विषय निश्चित आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, अशोकाने त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केल्या. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, हा सर्वांत जुन्या लेखांपैकी एक लेख, आणि त्याचा आरंभच मृगयात्यागाने व्हावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुंबई राज्याने १९५१ साली व भारत सरकारने १९७२ साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचे कायदे केले. आज ठाण्यालगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०३ चौरस किलोमीटर रानात चितळ, सांबर, भेकर व पिसोरी आहेत. तेथे मनुष्याची शिकार निषिद्ध असली तरी बिबट्याची चालूच असते. २०१५ सालच्या पाहणीत उद्यान व लगतचा भाग मिळून सुमारे १४० चौरस किलोमीटरांत ३५ बिबटे स्वयंचलित छायाचित्रांवरून ओळखले गेले. अशा रानात ठराविक रेषेवर चालून, दिसलेल्या मृगांचे अंतर मोजून, जिवंतांची संख्या अजमावण्याची पद्धत आता रूढ आहे. पूर्वीच्या काळासाठी ती उपलब्ध नाही. म्हणून जे अवशेष आहेत तेच नीट वाचले पाहिजेत.

सबब संग्राहकांस आमची विनंती अशी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ज्यांचा मालकीचा दाखला आहे, अशा शिंगांजवळ स्थळ, साल, महिना, कवटीचे हाड आहे की नाही व जबडा उरला आहे की काय, ह्यांची नोंद ठेवावी. घरातील रोजकीर्द, पत्रे किंवा वह्या ह्यांत शिकारीचा उल्लेख असल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. बारीक शिंगांची नोंद विशेष अगत्याने करावी. थोराड शिंग एका सुटलेल्या मृगाची गोष्ट सांगते. न सुटलेल्यांची गणना ह्या बारीक शिंगांवरूनच होऊ शकेल.