आरिस्मेंदिआरिएता, होसे मारिआ

(२२ एप्रिल १९१५ – २९ नोव्हेंबर १९७६). स्पेनच्या बास्क प्रदेशातील कॅथलिक धर्मगुरू आणि मोंद्रागोन सहकारी उद्योगसमूहाचे प्रवर्तक. श्रम, भांडवल आणि मालकी यांविषयी कॅथलिक चर्चची जी शिकवण आहे, ती त्यांनी कारखान्याच्या पोटनियमांत उतरवली. तरीही सभासद होण्यासाठी श्रद्धेची अट त्यांनी कोठेही घातली नाही.

पूर्वायुष्य : बिस्काया प्रांतातील मार्किना येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अगदी लहान असताना अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. शिक्षण व्हितोरिआच्या सेमिनरीत झाले. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर त्यांनी बास्क भाषेतील ‘एगुना’ या दैनिकात पत्रकारिता केली. फ्रँकोच्या फौजांनी बास्क प्रदेश जिंकला तेव्हा त्यांना अटक झाली. मात्र नाव बास्क सैन्याच्या पटावर असल्याने ते युद्धकैदी ठरले आणि बचावले. १९४० च्या अखेरीस त्यांना गुरुदीक्षा मिळाली. बेल्जियममधील लूव्हाँ येथे जाऊन समाजशास्त्र शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण बिशपांनी त्यांना गिपुस्कोआ प्रांतातील मोंद्रागोन या पोलादी कामाच्या गावात साहाय्यक धर्मगुरू म्हणून पाठवले. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी ते तेथे रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे प्रवचन एकसुरी आणि समजायला जड असे. दुसरा धर्मगुरू द्यावा, अशी मागणीही काही भाविकांनी बिशपांकडे केली होती.

वैचारिक आधार : पोप लिओ तेरावे यांच्या ‘रेरूम नोव्हारूम’ (१८९१) या परिपत्रात कामगाराला कुटुंब पोसता येईल एवढी मजुरी आणि संघटना बांधण्याचा हक्क मान्य झाला होता. पायस अकरावे यांच्या ‘क्वाद्रागेसिमो आन्नो’ने (१९३१) त्यापुढे जाऊन मालकी, व्यवस्थापन किंवा नफा यांत कामगारांना वाटा मिळावा असे सुचवले. जाक मारितॅं आणि एमॅन्युएल मूनिए या फ्रेंच कॅथलिक विचारवंतांचाही आरिस्मेंदिआरिएतांवर प्रभाव होता. माणसाची प्रतिष्ठा तो कामाच्या ठिकाणी काय ठरवू शकतो यावर अवलंबून असते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय. मालकाने कामगारांवर दया दाखवावी, या कल्पनेवर त्यांचा विश्वास नव्हता. दानाने सत्तेची वाटणी बदलत नाही, असे ते मानत. त्यांनी सलग ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे विचार प्रामुख्याने १९६० पासून निघणाऱ्या समूहाच्या मासिकातील लेखांत विखुरलेले आहेत.

शाळेपासून कारखान्यापर्यंत : गावातील सर्वांत मोठा कारखाना ‘उनियोन सेर्राहेरा’ हा कुलुपे व लोखंडी साहित्य बनवणारा होता. त्याच्या उमेदवार शाळेत प्रामुख्याने तेथील कामगारांच्याच मुलांना प्रवेश असे. शाळा सर्वांना खुली करावी ही विनंती फेटाळली गेल्यावर आरिस्मेंदिआरिएतांनी गावातील कोपऱ्याकोपऱ्यावर पेट्या ठेवल्या. शाळेसाठी पैसा किंवा श्रम देऊ इच्छिणाऱ्याने चिठ्ठी टाकावी, असे आवाहन केले. सुमारे सहाशे जणांनी प्रतिसाद दिला आणि १९४३ मध्ये वीस विद्यार्थ्यांवर तंत्रशाळा सुरू झाली. पुढे तिचा कारभार पाहणाऱ्या संस्थेत वर्गणीदारांना मताचा अधिकार मिळाला. पहिल्या तुकडीतील अकरा जणांनी नोकरी सांभाळून सारागोसा येथून बाहेरून परीक्षा देत १९५२ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

हे तरुण कारखान्यात पर्यवेक्षक झाले. भांडवल वाढवताना कामगारांनाही भाग घेऊ द्यावेत, हा त्यांचा प्रस्ताव व्यवस्थापनाने नाकारला. तेव्हा उसातोर्रे, लार्रान्यागा, गोर्रोन्योगोइतिया, ओर्माएचेआ आणि ओर्तुबाय या पाच जणांनी नोकरी सोडली. नवा कारखाना काढण्याचा परवाना मिळणे फ्रँकोच्या राजवटीत अवघड होते, म्हणून त्यांनी व्हितोरिआतील एक बुडालेला कारखाना परवान्यासकट विकत घेतला. ओळखीपाळखीतून, बऱ्याच अंशी गावातील मद्यगृहांच्या बैठकांत शब्द टाकून, शंभरेक जणांकडून सुमारे १ कोटी १० लाख पेसेता उभे केले. १९५६ मध्ये मोंद्रागोनमध्ये ‘उल्गोर’ सुरू झाले. पाच आडनावांतील अक्षरे जुळवून हे नाव केले होते. पहिले महत्त्वाचे उत्पादन रॉकेलवरचे स्टोव्ह हे होते. ‘फागोर’ हे घरगुती उपकरणांचे प्रसिद्ध नाव त्यातूनच पुढे आले.

रचना : सहकाराला योग्य कायदेशीर रूप सापडायला आणखी तीन वर्षे लागली, पोटनियमांना १९५९ मध्ये मान्यता मिळाली. त्यांतील मुख्य तरतुदी अशा : प्रत्येक सभासदाला एकच मत, भाग कितीही असोत, प्रवेशासाठी ठराविक भांडवल भरणे बंधनकारक, मात्र ते पगारातून हप्त्यांनी फेडण्याची सोय, सर्वांत मोठा पगार सर्वांत लहान पगाराच्या तिपटीहून जास्त नाही. हे प्रमाण पुढे सैल होत साधारण सहापटीपर्यंत गेले. नफ्याचा एक हिस्सा राखीव निधीत आणि एक शिक्षण व समाजकार्यात जातो. उरलेला सभासदांच्या नावे जमा होतो, पण रोख दिला जात नाही. तो खात्यात राहतो आणि निवृत्तीच्या वा संस्था सोडण्याच्या वेळी मिळतो. त्यामुळे नफा वाटूनही भांडवल उद्योगातच टिकते.

बँक : कारखान्यांना कर्ज कोण देणार, हा प्रश्न आरिस्मेंदिआरिएतांना सहकाऱ्यांच्या आधी दिसला. ‘आम्ही स्टोव्ह करणारी माणसे, बँक आम्हाला कशी जमणार’ अशी सहकाऱ्यांची भूमिका होती. तरी ते थांबले नाहीत. नोंदणीच्या कागदांवर दोघा सहकाऱ्यांच्या सह्या त्यांनी परस्पर केल्या होत्या, असे त्या सहकाऱ्यांनीच पुढे सांगितले. अशा रीतीने १९५९ मध्ये ‘काहा लाबोराल पोपुलार’ ही बँक निघाली. बचत करा, नाहीतर पोटासाठी गाव सोडा, अशा आशयाच्या घोषणेने तिने खोऱ्यातील कुटुंबांच्या ठेवी गोळा केल्या. तिचा उद्योजकता विभाग नव्या गटाला एक पालक-अधिकारी देई, त्याच्यासह उत्पादनाचा व बाजारपेठेचा अभ्यास करवून घेई आणि मगच कर्ज देई. संकटातील संस्थेला व्याजात सवलतही मिळे. सहकारी सभासद नोकर नाहीत, या कारणाने सरकारने त्यांना सामाजिक विम्यातून वगळल्यावर ‘लागून आरो’ ही आरोग्य व निवृत्तिवेतनाची व्यवस्था उभी राहिली. ‘आलेकोप’ (१९६६) या संस्थेत विद्यार्थी अर्धा दिवस काम करून शिकत. ‘आउसो लागून’ (१९६९) ही स्त्रियांची संस्था भोजन व स्वच्छतेची कामे घेई. लग्नानंतर कारखान्यातील नोकरी सोडावी लागणाऱ्या स्त्रियांना तिने वाट करून दिली. ‘इकेर्लान’ ही संशोधन संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली.

या सर्व संस्थांत आरिस्मेंदिआरिएतांनी व्यवस्थापकाचे पद घेतले नाही; बँकेत ते सल्लागार होते. चर्चच्या वेतनावर ते राहत, शाळेत शिकवत आणि गावभर सायकलने फिरत.

टीका व नंतरचा काळ : १९७४ मध्ये उल्गोरमध्ये कामाच्या श्रेणी ठरवण्यावरून संप झाला. पुढाकार घेणाऱ्यांना काढून टाकण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेने कायम केला. स्वतःच्याच मालकीच्या कारखान्यात संप करता येतो का, हा वाद तेव्हापासून आहे. समूहाच्या परदेशी कारखान्यांतील कामगारांना बहुधा सभासदत्व नसते, हा दुसरा आक्षेप. २०१३ मध्ये फागोरची घरगुती उपकरणांची संस्था दिवाळखोरीत गेली; इतर संस्थांनी आणखी पैसा घालण्यास नकार दिला, मात्र तिच्या बास्क सभासदांपैकी बहुतेकांना अन्य संस्थांत सामावून घेतले किंवा मुदतपूर्व निवृत्ती दिली. उल्मा आणि ओरोना या दोन मोठ्या संस्था २०२२ च्या अखेरीस समूहातून बाहेर पडल्या. तरीही समूहात ८० च्या आसपास सहकारी संस्था असून सुमारे ७० हजार लोक काम करतात. मूळ तंत्रशाळेचा वारसा मोंद्रागोन विद्यापीठाकडे (१९९७) आहे.

मूल्यमापन : समूहाच्या यशाचे श्रेय किती धर्मश्रद्धेला आणि किती बास्क समाजाच्या एकजुटीला व त्या काळच्या संरक्षित स्पॅनिश बाजारपेठेला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कॅथलिक उद्योगपतींच्या परंपरेत आरिस्मेंदिआरिएतांचे स्थान मात्र वेगळे ठरते. त्या परंपरेतील अनेकांनी मालकी हाती ठेवून कामगारांचे कल्याण साधले. आरिस्मेंदिआरिएतांनी मालकीच कामगारांकडे सोपवण्याची व्यवस्था केली. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१५ मध्ये त्यांना ‘आदरणीय’ हा किताब दिला. संतपदाच्या प्रक्रियेतील ही एक पायरी असून तिचा आधार व्यक्तीचे असामान्य सद्गुण हा असतो. चर्चने गौरव केला तो व्यक्तीचा. तिने घालून दिलेले नियम आज श्रद्धा न मानणारे सभासदही चालवत आहेत, आणि नियम लिहिताना अपेक्षाही तीच होती.