वाजवी सोयी, दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी

दिव्यांग कर्मचाऱ्याला नेमलेले काम इतरांच्या बरोबरीने करता यावे म्हणून कामाची जागा, वेळ, पद्धत वा साधने यांत कार्यालयाने करून द्यायचे बदल. जिन्याशेजारचा उतार, स्क्रीन रीडर बसवलेला संगणक, सांकेतिक भाषेचा दुभाषी, तळमजल्यावरचे टेबल, हजेरीच्या वेळेतील सवलत हे सर्व यात येते. भरतीतील आरक्षण हा वेगळा विषय आहे (पहा : दिव्यांग आरक्षण). प्रस्तुत नोंद भारतापुरती आहे.

पूर्वपीठिका : ही कल्पना मुळात दिव्यांगांसाठी निघाली नव्हती. अमेरिकेतील नागरी हक्क कायद्यात १९७२ मध्ये दुरुस्ती झाली आणि कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाला कामात वाजवी मुभा देणे मालकावर बंधनकारक झाले. पुढे ती दिव्यांगांच्या कायद्यांत आली. संयुक्त राष्ट्रांच्या १३ डिसेंबर २००६ च्या दिव्यांग हक्क करारात तिची व्याख्या आहे. भारताने या करारास १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. भारताच्या १९९५ च्या कायद्यात ३ टक्के आरक्षण होते आणि सेवेत असताना अपंगत्व आलेल्यास काढता येणार नाही असे कलम ४७ होते; वाजवी सोयीची तरतूद मात्र नव्हती. म्हणजे खुर्ची मिळत होती, त्या खुर्चीवर बसून काम कसे करायचे याचे उत्तर ज्याने त्याने शोधायचे होते.

कायदा : दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. कलम २ मधील व्याख्येनुसार वाजवी सोय म्हणजे विशिष्ट प्रकरणात अवाजवी भार न पडता करता येण्याजोगे आवश्यक व योग्य बदल. भाराची रुपयांतील मर्यादा कायद्यात दिलेली नाही. सोय नाकारणे हा याच कलमात भेदभावाचा एक प्रकार मानला आहे. कलम २० प्रत्येक शासकीय आस्थापनेवर सोय पुरवण्याचे बंधन घालते. सेवेत अपंगत्व आल्यास पदावनती वा सेवासमाप्ती करता येत नाही, योग्य पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात (११ फेब्रुवारी २०२१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ४० टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासारख्या ठराविक लाभांसाठी आहे, वाजवी सोयीसाठी नाही. आस्थापना शाखांत हा निकाल अजून पुरेसा पोहोचलेला दिसत नाही. साध्या भिंगासाठीही आधी टक्केवारीचे प्रमाणपत्र मागितले जाते.

खाजगी क्षेत्र : वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेलाही समान संधी धोरण (कलम २१) तपशीलवार तयार करावे लागते. सहायक साधनांची तरतूद, अडथळामुक्त वावर व संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक त्यात नमूद करायची असते. कलम २० चे बंधन मात्र शासकीय आस्थापनांपुरते लिहिलेले असल्याने खाजगी मालकाकडून सोय कितपत सक्तीने मागता येते याविषयी मतभेद आहेत.

साधने व खरेदी : केंद्रीय कार्यालयांसाठी कार्मिक व प्रशिक्षण विभागाचे ३१ मार्च २०१४ चे कार्यालयीन ज्ञापन हा आजही मूळ दस्तऐवज आहे. अल्पदृष्टीची साधने, श्रवणयंत्रे व त्यांच्या बॅटऱ्या, खास फर्निचर, चाकाची खुर्ची (गरज असल्यास मोटारीची), स्कॅनर, संगणक व सॉफ्टवेअर यांचा त्यात उल्लेख असून वस्तू द्यावी किंवा खर्चाची प्रतिपूर्ती करावी, असे दोन मार्ग दिले आहेत. व्यवहारात दुसरा मार्ग बरा. कारण कार्यालयाने खरेदी करायची म्हटली, की तीन दरपत्रके आणि सर्वांत कमी दर यांवर गाडी येते. श्रवणयंत्र तर ज्याच्या कानाला लावायचे त्याच्या श्रवणालेखानुसार निवडावे लागते. ‘एडिप’ ही केंद्राची साधनवाटप योजना उत्पन्नमर्यादेमुळे बहुतेक नोकरदारांच्या उपयोगाची नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांना अपंगत्वाशी निगडित कारणांसाठी वर्षाला ४ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा आहे, तसेच पात्र कर्मचाऱ्यांना दुप्पट दराने वाहतूक भत्ता.

संगणक व मराठी मजकूर : अंध कर्मचाऱ्याच्या बाबतीत सारा विषय इथे येऊन ठेपतो. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरपैकी ‘जॉज’ विकत घ्यावा लागतो. ‘एनव्हीडीए’ हा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेला कार्यक्रम मोफत आहे, आणि त्याच्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ आवाज मराठी वाचतो. तेव्हा पैशाची सबब येथे टिकत नाही. अडचण असते ती परवानगीची. अनोळखी सॉफ्टवेअर बसवायला माहिती तंत्रज्ञान शाखा राजी नसते, आणि पेनड्राइव्हवरून चालवावा तर ते तोंड सुरक्षेसाठी बंद केलेले असते.

तो अडसर दूर झाल्यावर फाँट आडवा येतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरे व चिन्हे असतात आणि स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो. ऐकणाऱ्याला टिपणीतला एक शब्द कळत नाही. युनिकोडमध्ये टंकलेले पत्र छापून, सही-शिक्का करून, पुन्हा स्कॅन करून पाठवले तरी परिणाम तोच, कारण आता ते चित्र झालेले असते. चित्रातून अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर मराठीसाठी उपलब्ध आहेत. जोडाक्षरे, तक्ते आणि मजकुरावर पडलेला शिक्का यांपुढे ती अडखळतात. म्हणून सहीच्या प्रतीबरोबर मूळ युनिकोड फाइल पाठवणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दिली जाणारी सोय होय. संपूर्ण शाखेने टंकनाची सवय बदलल्याखेरीज ती मिळत नाही. एका कर्मचाऱ्याला लॅपटॉप देऊन फाइल बंद करणे कार्यालयाला सोपे जाते. चित्रातील आकडे भरायला लावणारी प्रवेशपडताळणी आणि माउसवाचून न चालणारी वेतन व रजा प्रणाली हेही याच जातीचे अडथळे. राजीव रतुडी खटल्यात (८ नोव्हेंबर २०२४) सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक नियम करण्यास केंद्राला सांगितले. इमारतींप्रमाणेच संगणकीय सेवाही या नियमाच्या कक्षेत येतात.

अस्थिव्यंग : उताराचे प्रमाण १:१२ हे मान्य मानक आहे. उतार असून स्वच्छतागृहाचे दार अरुंद, हे दृश्य सार्वत्रिक.

श्रवणदोष : बैठकीची विषयपत्रिका आधी मिळणे, दुभाषी, लेखी सूचना. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) आहे.

मानसिक आजार : पहा रवींद्र कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार (२०२१).

तक्रार : मागणी तोंडी न करता लेखी करावी व आवक क्रमांक घ्यावा, कोणत्या कामात काय अडते आणि कोणत्या साधनाने ते सुटेल हे वाक्य अर्जात हवे. प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी (कलम २३) असतो आणि नोंदणीपासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समिती. राज्य आयुक्तांकडेही दाद मागता येते. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्यात आहे. आयुक्तांच्या शिफारशीवर केलेली कारवाई, किंवा ती न स्वीकारण्याची कारणे, तीन महिन्यांत कळवावी लागतात. कायद्याच्या भंगाबद्दल कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, त्यानंतर ५०,००० ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.