गोगलगायीचा शत्रू, पण मित्र नव्हे
सन २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. यवतमाळ जिल्ह्यातही सोयाबीनचा पेरा मोठा आहे आणि उमरखेडपासून पैनगंगा ओलांडली की मराठवाडाच लागतो. त्यामुळे हा प्रश्न येथेही दूरचा नाही.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतील. विल्यम बेन्सन यांनी ती १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यास आणली. तिला खाणारा एखादा प्राणी शेतात सोडता येणार नाही काय? असा प्राणी आहे. त्याचे नाव प्लॅटिडेमस मॅनोक्वारी. न्यू गिनी बेटावरील हा चपटा कृमी चार ते सहा सेंटिमीटर लांब, काळपट तपकिरी असून त्याच्या पाठीवर मधोमध फिकट रेषा असते. पट्टकृमीच्याच संघातील असला तरी तो परजीवी नसून शिकारी आहे. त्याचे तोंड डोक्याकडे नसून पोटाच्या बाजूस, मध्याजवळ असते. त्यातून नळीसारखी ग्रसनी बाहेर काढून तो गोगलगायीचे मांस शोषून घेतो.

फिलिपिन्समधील बुगसुक बेटावर १९८१ मध्ये तो मुद्दाम सोडण्यात आला व तेथील आफ्रिकी गोगलगायी घटल्या. तथापि या कृमीला उपद्रवी व निरुपद्रवी गोगलगाय असा भेद कळत नाही. जपानच्या चिचिजिमा बेटावर त्याने स्थानिक गोगलगायींचा जवळजवळ नायनाट केला. जगातील सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींत त्याची गणना होते. २०१३ मध्ये तो फ्रान्समधील काँ येथील वनस्पती उद्यानाच्या काचगृहातही आढळला. माणसाच्या मेंदूस अपाय करणाऱ्या, उंदरांतील फुप्फुसकृमीच्या अळ्याही त्याच्या शरीरात राहू शकतात.

एकदा सोडलेला असा जीव परत बोलावता येत नाही. त्यापेक्षा आपल्याकडील उपाय कष्टाचे, पण निर्धोक आहेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे सायंकाळी शेतात पसरावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांची मातीही तपासून घ्यावी. गोगलगायींची अंडी आणि असे कृमी, दोन्ही त्याच वाटेने प्रवास करतात.