कपाट तयार झाले, पुस्तकांचे काय?

कन्नड किंवा सोयगाव तालुक्यातील डोंगराकडेच्या एखाद्या शाळेत इंटरनेट पोहोचत नसेल, तर तिथल्या मुलांनी संगणकावर ज्ञानकोश वाचायचाच नाही का? 'किविक्स' या प्रकल्पाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

२००७ साली इमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदँ यांनी किविक्स सुरू केले. इंटरनेट नसतानाही विकिपीडिया वाचता यावा, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियातील सुमारे दोन हजार निवडक लेखांची सीडी निघाली होती. पण सीडी एकदा निघाली की तिच्यातील माहिती जुनी होऊ लागते.

२००९ पासून 'झिम' या फाइल-रचनेवर काम सुरू झाले. हिच्यात मजकूर लहान लहान गठ्ठ्यांत दाबून भरलेला असतो. धान्य हवे असेल तर सगळे कोठार न उपसता एकच पोते सोडावे, तसा हवा असलेला लेख असलेला गठ्ठाच उलगडला जातो. त्यामुळे साध्या संगणकावरही मोठा ज्ञानकोश उघडता येतो.

वाचनाचे साधन झाले. पण वाचायचे काय? हजारो पाने उतरवून घेणे, चित्रे लहान करणे, दुवे जुळवणे आणि हे सारे पुनःपुन्हा करणे, हे काम साधन बनवण्याहून मोठे निघाले. म्हणून प्रकल्पाचा भर हळूहळू प्रकाशनाकडे वळला. पाने गोळा करणारे 'एमडब्ल्यूऑफलाइनर' तयार झाले. पुढे 'झिमफार्म' या व्यवस्थेत हे काम अनेक संगणकांवर वाटले गेले. विकिपीडियाखेरीज गुटेनबर्ग प्रकल्पाची पुस्तके आणि 'फेट'चे विज्ञान-प्रयोगही फाइलींच्या रूपात मिळू लागले.

साधन आणि मजकूर यांतील ही दरी आपल्याकडेही दिसली. २००७ मध्येच रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचे संगणक आले. या संगणकासाठी विकिपीडियाची संकलने तयार झाली, ती मात्र स्पॅनिश आणि इंग्रजीत. यंत्र वाडीत पोहोचले तरी वाडीच्या भाषेतील ज्ञान आपोआप पोहोचत नाही.

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यात आज सुमारे एक लाख लेख आहेत आणि त्याची फाइल साध्या पेनड्राइव्हवर मावते. इंग्रजीची सचित्र फाइल शंभर जीबीच्या आसपास जाते. आपली फाइल सहज मावते, यात समाधान मानण्यासारखे काही नाही. भरायचा मजकूरच थोडा आहे.

इथे शिक्षकांचे काम सुरू होते. परिसरातील एखादी वनस्पती, बारव किंवा खडक यांवर आधार तपासून लिहिलेला मराठी लेख विकिपीडियावर गेला, की पुढच्या फाइलीत तो येतो. मग रेंज नसलेल्या शाळेतही तो पेनड्राइव्हने पोहोचतो. कपाट तयार आहे. पुस्तके आपणच लिहायची आहेत.