ब्लीवा

ब्लीवा : स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन या भाषांतले रोजच्या वापरातले क्रियापद. मुख्य अर्थ ‘होणे’, जुना अर्थ ‘राहणे’. स्वीडिश व नॉर्वेजियनमध्ये ते झिजून नुसते ‘ब्ली’ झाले आहे. डॅनिशमध्ये ‘ब्लीवे’ असे लिहितात. कर्मणी प्रयोगातही ते साहाय्यक म्हणून येते. स्वीडनमधला दुकानदार बिल सांगताना ‘दे ब्लीर फेमतिओ क्रोनुर’ म्हणतो, म्हणजे ‘पन्नास क्रोनर झाले’.

हे क्रियापद मूळचे नॉर्डिक नाही. मध्ययुगात हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांबरोबर उत्तर जर्मनीची नीच-जर्मन भाषा बर्गेन, व्हिस्बी, स्टॉकहोम या बंदरांत आली. स्टॉकहोमच्या नगरमंडळात निम्म्या जागा जर्मनांकडे असू शकत आणि ही तरतूद थेट १४७१ मध्ये रद्द झाली; एवढ्या निकटच्या सहवासात व्यापाराच्या शब्दांपाठोपाठ ‘ब्लीव्हेन’ (राहणे) हे क्रियापदही उचलले गेले. आजचे जर्मन ‘ब्लायबेन’ त्याचेच भावंड. या शब्दकुळाचा मूळ धातू ‘चिकटणे’ अशा अर्थाचा. संस्कृत लिप् आणि मराठी लिंपणे, लेप हे त्याच कुळातले.

‘राहणे’चे ‘होणे’ कसे झाले, हे मराठी वाचकाला फारसे परके वाटू नये. ‘गर्भ राहिला’ यात राहणे म्हणजे नवी अवस्था येणेच. नॉर्वेजियनमध्ये ‘समुद्रावर राहिला’ म्हणजे समुद्रात मेला. डॅनिशमध्ये ‘घरी राहणे’ आजही ब्लीवेनेच सांगतात. स्वीडिशमध्ये मात्र त्या अर्थासाठी सहसा ‘क्वार’ (मागे, शिल्लक) हा शब्द जोडावा लागतो.

ब्लीवाने ज्याची जागा घेतली ते क्रियापद प्राचीन नॉर्सचे ‘वेर्दा’. जर्मन ‘वेर्डेन’ त्याचे सगोत्र. मूळ धातू ‘वळणे’ या अर्थाचा, म्हणजे संस्कृत वृत् आणि आपला वर्तुळ त्याच घराण्यातले. आइसलँडिकने वेर्दा सोडले नाही. तिथे उसनवारीचे ‘ब्लीवा’ आले, पण शुद्धिवाद्यांपुढे टिकले नाही. फेरोईजमध्ये दोन्ही आहेत. ईवार ओसेनने बोलींवरून घडवलेल्या नॉर्वेजियनच्या लेखी रूपात, म्हणजे आजच्या नीनॉर्स्कमध्येही, दोन्ही चालतात. लेखी स्वीडिशमध्ये जुने ‘वार्दा’ आता जुन्या बायबलच्या थाटापुरते उरले आहे. बोलण्यात मात्र ते पुरते हटलेले नाही : मध्य आणि उत्तर स्वीडनमध्ये वर्तमानकाळी ‘ब्लीर’ म्हणणारा माणूस भूतकाळी ‘ब्लेव’ऐवजी सहज ‘वार्त’ म्हणतो.